सतरा दिवसांचा कारभारी



डिसेंबर २०२४ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनासाठी आपल्यापैकी काही जण जुन्या गोव्याला गेलो होतो. से कॅथेड्रलमधले दर्शन झाले, मिस्सा झाली, आणि उरलेल्या वेळात आम्ही जवळच्या टेकडीवर चढलो. तिथे संत ऑगस्टीनच्या मठाचा तो प्रसिद्ध मनोरा उभा आहे. मनोरा म्हणजे अर्धाच. एक बाजू आभाळात गेलेली आणि दुसरी नाहीशी झालेली. आमच्याबरोबरच्या एका आजींनी विचारले, की एवढे मोठे बांधकाम कुणी तोफेने पाडले का. आम्हांला उत्तर येईना. तिथल्या वाटाड्याने सांगितले, की तोफबिफ काही नाही. १८३५ साली सरकारच्या हुकुमाने मठ रिकामा झाला, मग देखभाल राहिली नाही, १८४२ मध्ये चर्चचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग खाली आला.

ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सरकारनेच व्रतस्थांना मठांतून बाहेर काढले, हे ऐकून आजी गप्प झाल्या. आम्हीही झालो. घरी आल्यावर ते १८३५ साल डोक्यातून जाईना म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो, आणि वाचता वाचता एका माणसापाशी येऊन थांबलो. त्याचे नाव बर्नार्दो पेरिश द सिल्वा. गोव्यात हे नाव ठाऊक आहे. आपल्याकडे बागलाणात ते कुणाच्या कानावर पडले असेल असे वाटत नाही. पोर्तुगिजांनी गोव्यावर साडेचारशे वर्षे राज्य केले. त्या सगळ्या काळात गोव्याच्या मातीत जन्मलेला एकच माणूस तिथल्या सर्वोच्च खुर्चीवर बसला, तो हा. बसला तो सतरा दिवस.

बर्नार्दो यांचा जन्म १५ ऑक्टोबर १७७५ रोजी तिसवाडीतल्या नेवरा गावी झाला. जुन्या गोव्यापासून हे गाव लांब नाही. घराणे गोव्यातलेच, ख्रिस्ती. त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले आणि डॉक्टर झाले. त्या काळात गोव्याच्या ख्रिस्ती घरातल्या हुशार मुलापुढे दोनच चांगले रस्ते असत, एक धर्मगुरू होण्याचा आणि दुसरा वैद्यकीचा किंवा वकिलीचा. पण दोन्ही रस्ते एका ठिकाणी येऊन अडत. वरच्या जागा पोर्तुगालहून आलेल्यांना, नाहीतर त्यांच्या गोव्यातल्या वंशजांना मिळत. या वंशजांना तिथे दिसेंदेंत म्हणत. सैन्यातले अधिकारी बहुतेक करून याच समाजातले असत. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण पुढचे सगळे त्यावरच फिरते.

कागदावर मात्र भेद नव्हता. लिस्बनच्या राजदरबाराने १७६१ मध्ये आणि पुन्हा १७७४ मध्ये स्पष्ट हुकूम काढला होता, की भारतात जन्मलेल्या ख्रिस्ती प्रजेला पोर्तुगालात जन्मलेल्यांच्या बरोबरीचे हक्क आहेत. हुकूम दोनदा काढावा लागला यावरूनच तो किती पाळला जात होता ते कळते. १७८७ मध्ये याच रागातून काही गोवेकरांनी, त्यांत बरेच धर्मगुरू होते, सत्ता उलथण्याचा बेत केल्याचा आरोप आला. इतिहासात त्याला पिंटोंचे बंड म्हणतात. १७८८ मध्ये पंधरा जणांना पणजीत फाशी देण्यात आले आणि धर्मगुरूंना जहाजात घालून लिस्बनच्या तुरुंगात पाठवण्यात आले. बर्नार्दो तेव्हा तेरा वर्षांचे होते. त्या दिवशी ते कुठे होते हे कुठे लिहिलेले नाही, पण तिसवाडीतल्या एकाही घरात त्या फाशीची चर्चा झाली नसेल असे आम्हांला वाटत नाही.

आता थोडे समुद्रापलीकडे जाऊ, कारण गोव्याचे नशीब त्या काळात फार लांबून हलत होते. १८०७ च्या नोव्हेंबरात नेपोलियनचे सैन्य लिस्बनवर चाल करून आले, तेव्हा पोर्तुगालचे राजघराणे जहाजांत बसून ब्राझीलला निघून गेले. राजा जिथे, राजधानी तिथे. १८०८ पासून १८२१ पर्यंत रिओ दि जानेरो हे पोर्तुगीज साम्राज्याचे मुख्य ठिकाण होते. म्हणजे पणजीच्या व्हाइसरॉयला हुकूम येत ते लिस्बनहून नव्हे, ब्राझीलमधून! काजू आणि अननस ब्राझीलहून गोव्यात आले हे आपल्याला ठाऊक असते. हुकूमही तिथूनच येत होते हे सहसा कुणी सांगत नाही.

१८२० मध्ये पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात क्रांती झाली. राजाने राज्यघटनेनुसार चालावे, ही तिची मागणी. बातमी गोव्याला पोहोचली आणि १६ सप्टेंबर १८२१ रोजी व्हाइसरॉय रिओ पार्दो यांना पदावरून उतरवण्यात आले. हे काम सैन्याच्याच हातांनी झाले. डॉक्टर बर्नार्दो या घटनावाद्यांच्या गोटातले. एक चांगली गोष्ट या धांदलीत झाली, ती म्हणजे छपाई. गोव्यात १७५४ पासून छापखान्यावर बंदी होती. ती आता उठली आणि डिसेंबर १८२१ मध्ये गॅझेता द गोवा हे तिथले पहिले वृत्तपत्र निघाले. ते पाचेक वर्षेच चालले.

१८२२ च्या आरंभी लिस्बनच्या संसदेसाठी गोव्यात निवडणूक झाली. तीन सभासद निवडून आले. बर्नार्दो पेरिश द सिल्वा आणि कॉन्स्टान्सियो रॉक द कोस्ता हे दोघे गोवेकर, तर तिसरे डॉक्टर लिमा लैताव हे पोर्तुगालात जन्मलेले. याचे महत्त्व ध्यानात यावे म्हणून सांगतो: दादाभाई नौरोजी लंडनच्या पार्लमेंटात निवडून गेले ते १८९२ मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. अर्थात सगळे गोरेगोमटे होते असे समजू नये. मत देण्याचा हक्क थोड्यांना होता, आणि गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे हक्क १९१० च्या प्रजासत्ताकानंतरच मिळाले. पण दार किलकिले झाले होते, आणि त्यातून पहिल्यांदा आत जाणाऱ्यांत नेवऱ्याचा हा डॉक्टर होता. वय सेहेचाळीस.

हाती मात्र काही लागले नाही. जहाजाचा प्रवास महिनोन् महिन्यांचा, आणि राजकारण वाऱ्यावरचे. १८२३ मध्ये राजाने सैन्याच्या जोरावर ती घटना आणि ती संसद मोडीत काढली. त्याच वर्षी तिकडे ब्राझीलमध्येही तसेच घडले. राजपुत्र पेद्रो याने ७ सप्टेंबर १८२२ रोजी ब्राझील स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले होते आणि तो तिथला सम्राट झाला होता. नव्या देशाची घटना लिहायला सभा बोलावली गेली. सभेचे बोलणे सम्राटाला रुचेना, तेव्हा १२ नोव्हेंबर १८२३ रोजी त्याने तिच्याभोवती सैनिक उभे केले आणि ती बरखास्त केली. पुढल्या वर्षी स्वतःच्या मर्जीची घटना दिली.

गंमत अशी, की हाच पेद्रो तीन वर्षांनी पोर्तुगालच्या घटनावाद्यांचा आधार ठरला. १८२६ मध्ये वडील वारले तेव्हा पोर्तुगालचा मुकुटही त्याच्याकडे आला. त्याने रिओमध्ये बसून पोर्तुगालसाठी सनद लिहून दिली आणि मुकुट आपल्या सात वर्षांच्या मुलीला, मारियाला दिला. या सनदेखाली पुन्हा निवडणूक झाली, पुन्हा बर्नार्दो गोव्याचे सभासद झाले, आणि पुन्हा तेच! १८२८ मध्ये मुलीचा काका मिगेल याने संसद मोडली आणि स्वतःला राजा म्हणवून घेतले. घटनावाद्यांची धरपकड सुरू झाली. बर्नार्दो परागंदा झाले. फिरत फिरत शेवटी ते ब्राझीलला, रिओ दि जानेरोला पोहोचले.

त्या वर्षांतले रिओ कसे होते? पेद्रोवर ब्राझीलची माणसे नाराज होती. एप्रिल १८३१ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, सैन्यही त्यांना जाऊन मिळाले, आणि ७ एप्रिलच्या पहाटे सम्राटाने पदत्याग केला. गादीवर कोण, तर त्याचा पाच वर्षांचा मुलगा. सत्ता कारभाऱ्यांच्या मंडळाकडे गेली आणि प्रांताप्रांतांत बंडे उठू लागली. आपल्या डॉक्टरांनी या शहरात बसून एक पुस्तक लिहिले आणि १८३२ मध्ये ते तिथेच छापून घेतले. लिस्बन शहरात एक तत्त्वज्ञानाचा पंडित आणि भारतातला एक पोर्तुगीज प्रजाजन बोलत बसले आहेत, असा तो संवाद आहे. विषय पोर्तुगालची राज्यघटना, तिचे फायदे, आणि ती टिकवण्याचे उपाय.

टिकवण्याचे उपाय! तोवर त्यांनी एका राज्यघटनेचा आणि एका सनदेचा अंत पाहिला होता, ज्या देशात आसरा घेतला तिथला सम्राट सैन्याच्या दबावाखाली गेला होता, आणि ते स्वतः घरापासून अर्ध्या पृथ्वीवर होते. अशा वेळी माणूस कडवट होतो, नाहीतर गप्प बसतो. हे गृहस्थ प्रश्नोत्तरे लिहीत बसले. आम्हांला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा आपुलकी वाटली ती इथे.

ब्राझील सोडून पेद्रो युरोपात गेला आणि मुलीचा मुकुट परत मिळवण्यासाठी भावाशी लढला. दोन वर्षांच्या यादवीनंतर मे १८३४ मध्ये मिगेल हरला. लढाई संपत आली असतानाच, ७ मे १८३४ रोजी, बर्नार्दो पेरिश द सिल्वा यांची भारतातल्या पोर्तुगीज मुलखाचे प्रीफेक्ट म्हणून नेमणूक झाली. नव्या व्यवस्थेत व्हाइसरॉयची जागा प्रीफेक्टने घ्यायची होती. प्रीफेक्ट हा मुलकी कारभाराचा प्रमुख. गोवा, दमण आणि दीव त्यांच्या हाती आले. इंग्रजांच्या हिंदुस्थानात भारतीय माणूस गव्हर्नर झाला तो १९२० मध्ये, बिहार आणि ओरिसाला लॉर्ड सिन्हा. त्याच्या शहाऐंशी वर्षे आधीची ही नेमणूक.

त्याच मे महिन्याच्या शेवटी लिस्बनच्या त्याच सरकारने पुरुषांचे सर्व धार्मिक संघ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेण्याचा हुकूम काढला. आजींच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. मठाधिपतींपैकी अनेकांनी मिगेलची बाजू घेतली होती म्हणून हा राग, असे तेव्हाचे राज्यकर्ते म्हणत. आम्हांला ते पटत नाही. काही जणांचा दोष असेल, पण दवाखाने, शाळा, ग्रंथालये चालवणारी शेकडो घरे एका सहीने बंद करणे हा न्याय नव्हे. बर्नार्दो ज्या पक्षाचे होते त्या पक्षाने हे केले, ही गोष्ट झाकून त्यांचे चरित्र सांगणे बरोबर होणार नाही. पण ज्यांनी त्यांना पुढे खुर्चीवरून खेचले, त्यांना मठांचे दुःख झाले होते असे मात्र अजिबात नाही. त्यांचे दुःख वेगळे होते.

१० जानेवारी १८३५ रोजी प्रीफेक्ट गोव्याला पोहोचले आणि १४ जानेवारीला त्यांनी सूत्रे हाती घेतली. वय एकोणसाठ. मांडवीकाठचा तो जुना आदिलशाही वाडा, जिथे १७५९ पासून व्हाइसरॉय राहत आले, तिथे आता नेवऱ्याचा माणूस कारभार पाहणार होता. त्यांना पाठवणारा पेद्रो मात्र सप्टेंबर १८३४ मध्येच क्षयाने वारला होता. पाठीराखा गेलेला, आणि लिस्बनला पत्र जाऊन उत्तर यायला वर्षाच्या आसपास लागणार.

अशा वेळी दमाने घ्यावे असे कुणीही सांगेल. त्यांनी दमाने घेतले नाही. नव्या कायद्यांप्रमाणे कारभाराची आणि न्यायखात्याची घडी बदलायला त्यांनी लगेच हात घातला. जुने अधिकारी दुखावले, ज्यांची पदे जाणार होती ते दुखावले, आणि सगळ्यांत जास्त दुखावले ते सैन्यातले दिसेंदेंत अधिकारी. पिढ्यान्‌पिढ्या जे आपल्या हाताखाली असायचे, त्यांच्यातला एक आता वर बसला, हे त्यांना सहन होईना. कारणे पुष्कळ सांगितली गेली. आमच्या मते मुळाशी एवढेच होते.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी सैन्याने उठाव केला. प्रीफेक्टची सत्ता गेली. जुने व्हाइसरॉय पोर्तुगाल इ कास्त्रो यांना परत बसवण्यात आले, पण तेही टिकले नाही. मग सैन्याच्या पाठिंब्याने एक मंडळ कारभार पाहू लागले. बर्नार्दो यांना गोवा सोडून मुंबई गाठावी लागली.

तेवढ्याच दिवसांत ब्राझीलमध्ये काय चालले होते ते पाहिले तर आश्चर्य वाटते. ७ जानेवारी १८३५ रोजी तिथल्या पारा प्रांतात बंडखोरांनी प्रांताच्या अध्यक्षाला ठार केले. जानेवारीच्या २४-२५ तारखांच्या रात्री साल्वादोर शहरात आफ्रिकेहून आणलेले गुलाम उठले आणि चिरडले गेले. सप्टेंबरात दक्षिणेत आणखी एक बंड पेटले, ते दहा वर्षे चालले. एकाच जुन्या साम्राज्याच्या दोन टोकांना एकाच महिन्यात आग लागली होती. फरक असा, की ब्राझीलची कथा जगाने लिहून ठेवली आणि गोव्याची गोव्यातच राहिली.

आता सर्वांत दुःखाचा भाग. प्रीफेक्टच्या बाजूचे सैनिकही गोव्यात होते. मे १८३५ मध्ये पणजीजवळच्या गास्पार दियश किल्ल्यात अशा सैनिकांवर विरोधी सैन्याने हल्ला केला. कत्तल झाली आणि किल्ला जाळण्यात आला. आज मिरामारच्या किनाऱ्यावर तो किल्ला शोधून सापडणार नाही. एका क्लबच्या नावात तेवढे त्याचे नाव उरले आहे. दर्शनाहून परतताना आमची गाडी तिथे थांबली होती, मुलांनी वाळूत पाय भिजवले, आणि आपण कुठे उभे आहोत हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. उत्तरेला, सिंधुदुर्गाच्या हद्दीला लागून असलेल्या तेरेखोलच्या किल्ल्यातही प्रीफेक्टच्या लोकांना असेच मारण्यात आले. मेलेले बहुतेक साधे शिपाई. त्यांनी ना सनद वाचली होती, ना रिओमधले पुस्तक.

मुंबईत बर्नार्दो यांना आधार मिळाला तो रोजेरियो द फारिया यांचा. गोव्याच्या घराण्यातले हे मोठे व्यापारी, जहाजांचे मालक, चीनशी व्यापार करणारे. आणि हेही सांगायला हवे, की तो व्यापार मुख्यतः अफूचा होता. दमणच्या बंदरातून तेव्हा माळव्याची अफू जहाजांवर चढत असे. अशा पैशाने घटनेची लढाई लढली गेली. मुंबईतून जहाजांवर माणसे घेऊन गोवा परत घेण्याचा प्रयत्न झाला, पण पावसाळा तोंडावर आलेला. वादळाने जहाजांची दाणादाण उडवली आणि मोहीम फसली. गलबत चालवणारा कुठलाही कोळी मे महिन्याच्या शेवटी कोकण किनाऱ्याला निघू नये म्हणून बजावतो. डॉक्टरांनी आणि व्यापाऱ्यांनी ते ऐकले नसावे.

सैन्याने केलेला उठाव मोडायला सैन्यच आणावे का? सनदेचा पुस्तकभर पुरस्कार करणाऱ्या माणसाने तोफा घेऊन यावे का? आमच्या मनात हा प्रश्न बराच वेळ घोळला. त्यांची नेमणूक कायदेशीर होती, खुर्ची त्यांचीच होती, आणि गास्पार दियशची राख अजून गरम होती. हातात दुसरा उपाय काय होता, हेही सांगता येत नाही. तरीही ती जहाजे वादळाने परतवली नसती, तर पणजीत आणखी किती शिपाई मेले असते, असे मनात येतेच. आमच्यात एकमत झाले नाही. वाचकांनी आपापले मत बनवावे.

दमण आणि दीवने मात्र प्रीफेक्टला मान्य केले होते. ते दमणला गेले आणि तिथून उरलेल्या मुलखाचा कारभार पाहू लागले. नकाशा उघडून पाहा: आपल्या सटाण्याहून दमण गोव्यापेक्षा कितीतरी जवळ आहे, डांगाचे जंगल उतरले की पलीकडे गुजरातची पट्टी आणि समुद्र. म्हणजे हा माणूस दोन-अडीच वर्षे तसा आपल्या शेजारीच राहत होता. इकडे बागलाण १८१८ पासून इंग्रजांच्या अमलाखाली होते. ज्यांच्या नावाने आपल्या गावात यात्रा भरते, ते यशवंतराव महाराज तेव्हा विशीतले तरुण होते. मामलेदार होऊन सटाण्याला यायला आणि १८७०-७१ च्या दुष्काळात सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडायला अजून अवकाश होता. एका सरकारी अधिकाऱ्याला देव मामलेदार म्हणणारे हे गाव. खुर्चीवर कोण बसतो याने सामान्य माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे सटाणेकरांना वेगळे सांगायला नको.

बर्नार्दो यांना तो फरक पाडून दाखवायला दिवस मिळालेच नाहीत. सतरा दिवसांत ते चांगले राज्यकर्ते ठरले की वाईट, हे कुणालाच ठरवता येणार नाही. त्यांच्या चाहत्यांनी त्यांना फार उंच नेऊन ठेवले आहे आणि विरोधकांनी त्यांना उतावळे म्हटले आहे. उतावळे ते होते, असे आम्हांलाही वाटते. पण शांतपणे, एकेक पाऊल टाकत गेले असते तर अधिकाऱ्यांनी त्यांना राहू दिले असते का? आम्हांला तशी खात्री वाटत नाही.

नोव्हेंबर १८३७ मध्ये लिस्बनने बॅरन साब्रोझो यांना नवे गव्हर्नर म्हणून पाठवले. ते पोर्तुगालचे. उठाव करणाऱ्यांना जे हवे होते, ते अशा रीतीने मिळाले: खुर्चीवर गोवेकर नाही. आणि लिस्बनलाही शांतता मिळाली. कायदेशीर नेमलेल्या माणसाला परत बसवण्यापेक्षा तिसरा पाठवणे सोपे होते. सरकारे असे सोपे उत्तर फार वेळा निवडतात.

दमणचा कारभार संपला. बर्नार्दो साठी ओलांडलेले. ते घरी, नेवऱ्याला जाऊन स्वस्थ बसले असते तर कुणी नावे ठेवली नसती. पण गोव्याच्या लोकांनी त्यांना पुन्हा संसदेवर पाठवले आणि ते पुन्हा लिस्बनला गेले. ज्या संसदा त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा मोडल्या गेल्या, त्याच सभागृहात हा म्हातारा माणूस तिसऱ्यांदा जाऊन बसला.

ब्राझीलचे पुढे काय झाले? ज्या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसवले होते, तो दुसरा पेद्रो मोठा होऊन जवळजवळ पन्नास वर्षे सम्राट राहिला. १८८८ मध्ये तिथे गुलामगिरी संपली आणि पुढच्याच वर्षी, १५ नोव्हेंबर १८८९ रोजी, सेनापती देओदोरो द फोन्सेका याने सैन्य घेऊन राजेशाही संपवली. मग १९३० मध्ये उठाव, १९३७ मध्ये हुकूमशाही, १९४५ मध्ये पुन्हा सैन्याचा हस्तक्षेप, आणि १९६४ मध्ये तर सैन्याने सत्ता घेतली ती १९८५ पर्यंत, एकवीस वर्षे, सोडलीच नाही. त्या काळात रेसिफेचे आर्चबिशप हेल्दर कामारा गरिबांची बाजू घेऊन बोलत, म्हणून तिथल्या वर्तमानपत्रांना त्यांचे नावही छापण्याची मुभा नव्हती. ८ जानेवारी २०२३ रोजी निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव राजधानी ब्राझिलियातल्या संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात घुसला. या वेळी सरकार टिकले.

गोव्यातल्या त्या सैन्याचाही शेवट झाला. बंडांची सवय जडलेले ते सैन्य १८७१ मध्ये पुन्हा एकदा उठले. तेव्हा राजाचा भाऊ पोर्तुगालहून फौज घेऊन आला आणि ते सैन्यच बरखास्त करण्यात आले. दिसेंदेंत अधिकाऱ्यांची मिरास तिथे संपली.

बर्नार्दो पेरिश द सिल्वा १४ नोव्हेंबर १८४४ रोजी लिस्बनमध्ये वारले. वय एकोणसत्तर. त्यानंतर १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे आणखी एकशे सतरा वर्षे, पोर्तुगिजांनी गोव्याला अनेक गव्हर्नर पाठवले. त्यांच्यात गोव्याचा एकही नव्हता.

आजींना आम्ही परवा मिस्सेनंतर हे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, की नेवरा आपल्या रस्त्यावर होते का. होते, थोडे आत वळले असतो तर. पुढच्या वेळी गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा, असे त्या म्हणाल्या.